तीस हजारांत हनोई ते सायगाव: सायकलीचं जॉबकार्ड

६ जुलै २०२५

एसटीच्या डेपोत कुठलीही गाडी पिटवर घेतली की आधी जॉबकार्ड. काम काय, पार्ट कोणता, बसवला कोणी. निवृत्त झालो तरी सवय सुटली नाही, म्हणून या सायकलीचंही कार्ड आजपासून उघडलं.

काम असं: व्हिएतनाममध्ये उत्तरेच्या हनोईपासून दक्षिणेच्या सायगावपर्यंत, म्हणजे आताच्या हो ची मिन्ह सिटीपर्यंत, सामान लादून सायकलनं जायचं. या दोन शहरांमधली रेल्वे १,७२६ किलोमीटर आहे. माझा रस्ता त्याहून लांब पडेल, कारण ट्रकांनी भरलेला किनाऱ्याचा हायवे मला सलग नको. फोंग न्हा ते खे सान्ह हा आतला डोंगरी तुकडा घ्यायचा आहे. त्यांचं नवं वर्ष २०२६ मध्ये १७ फेब्रुवारीला येतं. त्या आठवड्यात दुकानं आणि खानावळी बंद असतात, तेव्हा ते आटोपलं की निघायचं. दिवाळीच्या सुमारास मधल्या किनाऱ्यावर जोराचा पाऊस असतो, त्यामुळे त्याआधी जाण्यात अर्थ नाही.

सायकलीला तीस हजार रुपये. त्यातच कॅरिअर, बॅगा, हत्यारं. तिकीट आणि व्हिसा वेगळा. ईपीएस-९५ची पेन्शन घेणाऱ्या माणसानं यापुढे जाऊ नये.

व्हिएतनामच का, हे वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या आर्वीत भेटेल तो विचारतो. ई-व्हिसा ९० दिवसांपर्यंतचा, एकदाच प्रवेश असेल तर २५ डॉलर. जेवण स्वस्त. मार्चमधलं ऊन आपल्या मे महिन्यापुढे काहीच नाही. डॅन्यूब नदीच्या काठचा युरोपातला सायकलरस्ता सपाट आणि सोपा आहे म्हणतात, पण शेंगेन व्हिसाची फीच ९० युरो, वर किमान ३०,००० युरोचं विमासंरक्षण दाखवायचं. तिथे लेकानं जावं.

घरच्या मंत्रालयाचा शेरा: "साठीले आले अन् आता कायचं सायकलीचं खूळ? पोराले शोभन का?" फाइल नामंजूर झालेली नाही, एवढं पुरे.

१३ जुलै

पहिला उमेदवार घरातलाच. काळी अठ्ठावीस इंची, सळईच्या ब्रेकची, डेपोत जायला वापरली ती. फुकट आहे, तेव्हा नाकारायचं तर कारण लिहून नाकारायचं.

फ्रेम उत्तम. लांब, लवचिक, खड्डा अंगावर येऊ देत नाही. कॅरिअरवर ज्वारीचं पोतं नेलेलं आहे. पण पुढे ४४ दाते, मागे १८, एकच गिअर. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल जवळपास साडेपाच मीटर पुढे सरकते. सपाटीवर छान, घाटात सामानासकट उतरून ढकलणे. दुसरं, पावसात सळईचा ब्रेक चकचकीत रिमवर नुसता घसरतो. तिसरं, क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, कॉटर पिन नावाच्या खिळीवर. पिन सैल झाली की घासून बसवणारा मिस्त्री लागतो; तो इथे चौकाचौकात आहे, तिथे असेलच असं नाही.

मुंबईच्या बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबची सहा पोरं १५ ऑक्टोबर १९२३ ला सायकलींवर जग फिरायला निघाली होती. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघं १९२८ मध्ये ७१,००० किलोमीटर करून परत आले. तेव्हा काळी सायकल जगात कुठेही जाऊ शकते, हे मान्य. फक्त ती पोरं विशीतली होती आणि व्यायामशाळेतली होती.

शेरा: नामंजूर. सीट मात्र काढून घ्यायची.

२७ जुलै

या आठवड्यात काम टायरच्या मापाचं. नवख्या माणसाला सगळ्यात जास्त हेच फसवतं, आणि परदेशात फसलं तर दिवस जातो.

दुकानदार "सव्वीस इंची" म्हणतो तेव्हा तीन वेगळी मापं त्याच नावानं खपतात. डोंगरी सायकलीचं २६ इंची टायर ज्या रिमवर बसतं तिचा व्यास ५५९ मिलिमीटर. जुन्या लेडीज सायकलीचं २६ गुणिले १ ३/८ बसतं ५९० वर. आणि २६ गुणिले १ १/२ म्हणजे ५८४, ज्याला आता साडेसत्तावीस इंची नावानं नवं करून विकतात. अठ्ठावीसचं तेच. आमच्या काळ्या सायकलीचं २८ गुणिले १ १/२ हे ६३५ वर बसतं, तर हायब्रिडचं, म्हणजे रस्त्याच्या आणि डोंगरी सायकलीच्या मधल्या प्रकाराचं, ७०० सी हे ६२२ वर. आणि एकोणतीस इंची म्हणून जे विकतात तेही ६२२च. म्हणजे २९ हे २८ पेक्षा लहान! इंचावर जाऊच नये. टायरच्या कडेला ४७-५५९ असा आकडा कोरलेला असतो. पहिला रुंदीचा, दुसरा रिमचा. दुसरा जुळला तरच टायर बसतं.

मग ५५९ की ६२२? हनोई, दा नांग, सायगाव अशा मोठ्या शहरांत दोन्ही मिळतील. मधल्या डोंगरात काय मिळेल ते दैवावर. डोंगरी सायकली जगभर वर्षानुवर्षं ५५९ वर निघाल्या, त्यामुळे खेड्यातल्या दुकानात खिळ्याला लटकलेलं टायर त्या मापाचं असण्याची शक्यता जास्त. शिवाय लहान चाक तेवढ्याच आऱ्यांत जास्त मजबूत होतं. नव्या सायकलींतून मात्र ५५९ हद्दपार होत चाललं आहे, म्हणजे ते माप हवं तर शोध जुन्या सायकलींचा.

डेपोत आम्ही हेच पाहत आलो. जो पार्ट प्रत्येक डेपोच्या स्टोअरमध्ये सापडतो, त्याची गाडी रस्त्यावर राहते. एखादी फॅन्सी गाडी यायची, चार महिने सगळे कौतुक करायचे, मग एका सीलसाठी ती हिंगण्याच्या वर्कशॉपकडे डोळे लावून उभी राहायची. सायकलही याच नियमानं घ्यायची.

ट्यूबचा वॉल्व्ह मोटारसायकलचा असतो तोच ठेवायचा. पेट्रोल पंपावर, गॅरेजात, कुठेही हवा भरता येते.

१० ऑगस्ट

नागपूर. नवीन काय मिळतं ते पाहून आलो.

खास लांब प्रवासासाठी बनवलेल्या विदेशी सायकली, स्टीलच्या, लाखाच्या वर. हात लावून पाहिल्या. पाहण्यासारख्या आहेत: मागचा दांडा लांब असतो, म्हणून बॅगेला टाच लागत नाही; पुढच्या चिमट्यालाही कॅरिअरसाठी आटे; तीन बाटल्यांची सोय; ३६ आऱ्यांची चाकं. यादी लिहून घेतली. पैसे नसले तरी यादी फुकट मिळते.

आमच्या बजेटमध्ये बसते ती अॅल्युमिनिअमची हायब्रिड. दिसायला देखणी, वीस-पंचवीस हजारांत नवीकोरी. विकणारा पोरगा पुढच्या स्प्रिंगच्या चिमट्याची फार तारीफ करत होता. या किमतीतला स्प्रिंगचा चिमटा म्हणजे अडीच किलो लोखंड. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नसतं आणि पुढे कॅरिअर बांधायला जागा नसते. उभं राहून पायडल मारलं की जोर खाली-वर होण्यात जातो. डिस्कब्रेक तेलाचे होते. तेलाचा ब्रेक चालतो तोवर त्याच्यासारखा ब्रेक नाही, पण खे सान्हच्या अलीकडे नळी फुटली तर तेल, नळी आणि हवा काढायचं सामान कुठून आणणार? तारेचा ब्रेक हवा. तार दहा रुपयांची असो की शंभराची, गुंडाळी करून सीटखाली ठेवता येते.

लेकाशी फोनवर वाद. त्याचं म्हणणं, "बाबा, तिथेच भाड्यानं घ्या, विमानात कशाला वाहता?" आठवडाभर फिरायचं असतं तर मीही भाड्यानंच घेतली असती. महिना-सव्वा महिना म्हणजे भाड्यातच सायकलीची किंमत निघते, आणि हनोईत घेतलेली सायकल सायगावला परत पोचवायची भानगड वेगळी. हनोईत जुनी विकत घेऊन सायगावात विकून टाकणं हा त्याहून बरा पर्याय आहे. ज्याला हत्यार धरता येत नाही त्यानं तोच घ्यावा. माझा हिशेब एवढाच की ज्या सायकलीचा प्रत्येक नट मी इथे आवळला, ती तिथे बिघडली तर अंधारातही उघडता येईल.

२४ ऑगस्ट

पोळा झाला. दोन दिवस झड, आज उघाड. डॉक्टरसाहेबांच्या पोराची हायब्रिड मागून आणली आणि मुद्दाम पांदण रस्त्यानं शेतापर्यंत नेली.

दोनशे पावलंसुद्धा गेलो नसेन. काळी माती टायरला चिकटली, टायरवरून मडगार्डमध्ये गेली, चिमट्यात बसली, आणि चाक फिरायचं बंद. काडीनं कोरून काढायची, दहा पावलं जायचं, पुन्हा तेच. शेवटी खांद्यावर. बांधावरून एक म्हातारा पाहत होता, म्हणाला, "काकाजी, सायकल तुमाले नेऊन रायली का तुमी सायकलले?"

यातून यादीत एक ओळ वाढली: टायर आणि चिमटा यांच्यात, मडगार्ड बसवूनही, बोट सहज फिरेल एवढी जागा हवी. चाळीस मिलिमीटरचं टायर कसंबसं मावणारी फ्रेम आपल्या कामाची नाही. व्हिएतनामच्या मधल्या डोंगरात माती तांबडी असेल, पण चिखल तो चिखलच.

सायकल धुऊन परत केली. डॉक्टरसाहेबांना सगळं सांगितलं नाही.

७ सप्टेंबर

गिअरचा हिशेब. हा कागदावर करता येतो आणि त्याला पैसे लागत नाहीत, तरी घेणारे लोक "एकवीस गिअर", "चोवीस गिअर" एवढंच विचारतात. गिअर किती, हा प्रश्नच चुकीचा. सगळ्यात हलका गिअर किती हलका, हे विचारायचं.

सूत्र साधं. पुढचे दाते भागिले मागचे दाते, गुणिले चाकाचा व्यास इंचात. आकडा जितका लहान तितका गिअर हलका. काळी सायकल: ४४ भागिले १८ गुणिले २८, म्हणजे ६८. नागपूरची हायब्रिड: पुढे लहान चक्र २८ चं, मागे मोठं ३४ चं, चाक सत्तावीस इंच धरलं तर २२. पुढे २२ आणि मागे ३४ अशी डोंगरी जोडी २६ इंची चाकावर लावली तर १७ च्या आत. या गिअरमध्ये एका फेऱ्यात सायकल फक्त १.३ मीटर सरकते. मिनिटाला साठ फेरे मारले तर ताशी पावणेपाच ते पाच किलोमीटर. म्हणजे चालण्याचाच वेग, पण बसून, आणि वीस किलो सामान सायकलीवर.

रिकाम्या सायकलीवरून २२ पुरे. सामान लादून, माझ्या वयात, २० च्या खाली हवं.

दुसऱ्या टोकाला पुढे ४२ आणि मागे ११ म्हणजे ९९. उतारावर त्याहून जोरात पायडल मारायची मला इच्छा नाही.

चढ किती आहेत तेही पाहून ठेवलं. हुए आणि दा नांगच्या मधला हाय वान घाट ४९६ मीटर उंच. खाली सहा किलोमीटरहून लांब बोगदा आहे, २००५ पासूनचा, पण त्यातून सायकल चालवू देत नाहीत, वरूनच जायचं. ते बरंच आहे, कारण मोटारी बोगद्यात जातात आणि घाट मोकळा राहतो. खरा घाम न्हा चांगहून दा लातला चढताना निघणार. तिशीपलीकडचे किलोमीटर एकसारखा चढ, आणि दा लात दीड हजार मीटरवर. ते घ्यायचं की किनारा धरायचा, हे गुडघे ठरवतील.

२१ सप्टेंबर

सापडली बहुतेक.

नागपुरात एका निवृत्त प्राध्यापकांच्या जिन्याखाली. परदेशात शिकायला होते तेव्हाची, येताना सोबत आणलेली. डोंगरी सायकल, २६ इंची, पुढचा चिमटा साधा सरळ, स्प्रिंग नाही. टायर वाळून तडकलेले, चेन गंजून एका तुकड्यात. फ्रेमवर ४१३० चं स्टिकर. म्हणजे क्रोम-मॉलिब्डेनम स्टील. साध्या लोखंडाच्या नळीपेक्षा ताकद जास्त, म्हणून नळी पातळ ठेवता येते आणि सायकल हलकी होते.

स्टिकर कोणीही चिकटवतो, म्हणून तपासलं. सीटची नळी बाहेर काढून व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) लावला: २७.२ मिलिमीटर. साध्या लोखंडाच्या जाड फ्रेमला सहसा यापेक्षा बारीक नळी लागते. स्टिकर खरं निघालं. नळी बाहेर आली हेच मोठं. इतकी वर्षं पडून राहिलेल्या सायकलीत ती गंजून जाम झालेली असते आणि मग सीटची उंची कायमची ठरून जाते.

पुढे दोऱ्याची तपासणी. मागच्या चाकाच्या खाचेला दोरा बांधायचा, तिथून हँडलच्या मानेला वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत ताणून आणायचा. सीटखालच्या नळीपासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजायचं. एक-दोन मिलिमीटरचा फरक माफ, जास्त असेल तर फ्रेम वाकडी. इथे फरक दिसलाच नाही. मानेमागे, खालच्या दांड्याच्या पोटाला बोट फिरवून पाहिलं. सायकल पुढून आदळलेली असेल तर तिथे रंगाला सुरकुती पडते. गुळगुळीत होतं. पायडलच्या आसाला हेलकावा होता. तो छर्रे बदलून जाईल. कॅरिअरचे आटे मागे आहेत, चिमट्यावरही आहेत. टायरभोवती बोट नव्हे, अंगठा फिरतो.

मागचं चाक मात्र बाद. त्यावर वेगळं लिहीन.

प्राध्यापकांना पैशांची पडलेली नव्हती, सायकल कुठे जाणार हे ऐकायचं होतं. त्यांनी व्हिएतनामच्या सायकलींची गोष्ट सांगितली: १९५४ मध्ये दिएन बिएन फूच्या लढाईत फ्रेंचांविरुद्ध हजारो सायकलींवरून डोंगरातून रसद नेली. त्यावर बसायचं नाही. हँडलला बांबू बांधून लांब करायचं, सीटच्या नळीत दुसरा बांबू, आणि ढकलत न्यायचं. एकेका सायकलीवर दोनशे किलोहून जास्त. मी म्हटलं, सर, मग माझे वीस किलो घेऊन मी कुणाला तोंड दाखवू?

साडेनऊ हजारांत दिली. घासाघीस केली नाही.

२४ सप्टेंबर

परवापासून सायकली आणि त्यांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला. सगळी खरेदी आता करायची होती, त्यामुळे बरं झालं. नागपूरच्या एका दुकानदारानं मात्र "जुना स्टॉक आहे" म्हणून जुनाच भाव लावला. त्याच्याकडून फक्त सोल्यूशनची ट्यूब घेतली.

५ ऑक्टोबर

मागचं चाक.

हे का बाद केलं ते नीट लिहितो, कारण जुनी सायकल घेणारे बहुतेक जण रंग आणि गिअर पाहतात, मागचा हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा, कुणी पाहत नाही. सामान लादलेल्या सायकलीचं निम्म्याहून जास्त वजन मागच्या चाकावर. वाटेत काही तुटलं तर बहुधा तिथेच तुटणार.

जुन्या पद्धतीच्या हबला बाहेरून आटे असतात आणि सात दातेरी चकत्यांचं अख्खं फ्रीव्हील त्यावर चढवतात. त्यामुळे उजवीकडचे छर्रे फ्रीव्हीलच्या आतल्या अंगाला राहतात, आणि तिथून फ्रेमच्या खाचेपर्यंत एक्सल आधाराविना उघडा. दहा मिलिमीटरचा तो रॉड. खड्ड्यात आदळत राहिला की आधी वाकतो, मग एक दिवस कटकन जातो. प्राध्यापकांच्या सायकलीचा एक्सल काढून काचेवर लोळवला, डगडगत गेला. वाकलेलाच होता, आणि तोही बिनसामानाचा.

कॅसेट म्हणजे नुसता दातेरी चकत्यांचा गठ्ठा; कॅसेट हबमध्ये फ्रीव्हीलची यंत्रणा हबलाच जोडलेली असते आणि उजवीकडचे छर्रे पार टोकाला, फ्रेमच्या जवळ. एक्सलला दोन्हीकडे आधार. फ्रेमच्या खाचांमधलं अंतर मोजलं, १३५ मिलिमीटर भरलं. तेव्हा शिमानोचा ३६ भोकांचा कॅसेट हब सरळ बसतो. दुपदरी भिंतीची रिम, दोन मिलिमीटरचे स्टीलचे आरे.

चाक भरायचं काम आर्वीच्या जुन्या मिस्त्रींकडे दिलं. त्यांचं दुकान म्हणजे निंबाखाली एक पेटी आणि पंप, पण आऱ्याला टिचकी मारून आवाजावरून ताण सांगणारा माणूस या तालुक्यात दुसरा नाही. ते म्हणाले, "मोठे भाऊ, बाकी सायकल कशीबी चालत रायते. मांगच्या चाकात पैसे टाकले ना, मंग झोपाले मोकळे." ३६ आरे ओवून, आउट, म्हणजे चाकाचा डुलावा, काढून झाल्यावर त्यांनी दोन-दोन आरे मुठीत धरून करकचून दाबले, संपूर्ण चाकभर. चाक कुरकुरलं. पुन्हा आउट काढलं. हे न करता दिलेलं चाक पहिल्या दोन दिवसांत आपोआप सैल होतं, कारण आऱ्यांचे वळसे जागेवर बसलेले नसतात.

उजवीकडचे आरे डावीकडच्यांपेक्षा थोडे आखूड लागतात. दोन्ही मापांचे जादा आरे घेऊन सीटच्या नळीत कापडात गुंडाळून ठेवले. तुटतो तो नेहमी उजवीकडचा, आणि तो घालायला कॅसेट काढावी लागते. तेवढ्यासाठी कॅसेटचा पाना सोबत न्यायचा, वजन गेलं खड्ड्यात.

१२ ऑक्टोबर

जोडणी. नवी कॅसेट ११ ते ३४, आठ चकत्यांची. पुढची चक्रं मूळचीच, ४२-३२-२२. दाते शाबूत आहेत. चेन नवी. चेन मोजायची रीत लिहून ठेवतो: बारा जोड बरोबर बारा इंच भरले पाहिजेत. १/१६ इंच वाढली की चेन बदलायची. १/८ पर्यंत थांबलात तर कॅसेटही घेऊन जाते. तिथे पट्टी सोबत नेईन.

ब्रेक तारेचेच, गुटके नवे. सगळे छर्रे नवे, ग्रीस नवं. टायर ४७-५५९.

कॅरिअर इथल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून, दहा मिलिमीटरच्या भरीव सळईचं. विकतच्यापेक्षा जड आहे, पण तुटलं तर जगातला कुठलाही वेल्डर जोडून देईल. अॅल्युमिनिअमचं जोडणारा शोधावा लागतो. नट सगळे आत नायलॉनची कडी असलेले, आपोआप न सुटणारे. बॅगा ट्रॅक्टरची ताडपत्री शिवणाऱ्याकडून. पहिल्या जोडीला त्यानं ट्रॉलीसारखे लोखंडी कडे लावले होते. काढून पट्टे लावले.

काळ्या सायकलीची चामड्याची सीट हिच्यावर बसवली. इतक्या वर्षांत तिला माझा आकार आला आहे, नव्या सीटला तो कुठून येणार. हँडल फारच खाली होतं, मान उंच करून घेतली. व्हिएतनाममध्ये रस्त्याच्या उजव्या अंगानं चालायचं, म्हणून आरसा डावीकडे.

२७ ऑक्टोबर

दिवाळी आटोपली. लेक आला होता, तोही सोबत आला, गाडीनं. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट, वीस किलो सामान लादून. सामान म्हणजे विटा आणि तुरीची डाळ.

गिअरचा कागदी हिशेब पायांनी तपासून झाला. सगळ्यात हलक्या गिअरमध्ये बसून चढता येतं, दम लागतो पण तुटत नाही. घाटाच्या वरच्या टप्प्यात लेक गाडीतून उतरून माझ्या बाजूनं चालत होता. त्याचा वेग माझ्याहून किंचित जास्त होता आणि तो ते लपवत होता. चिखलदरा १,११८ मीटरवर आहे. दा लात त्याच्याही वर, पण प्रकार हाच.

दोन गोष्टी लक्षात आल्या. बॅगेला टाच लागते. डोंगरी सायकलीचा मागचा दांडा आखूड असतो, त्याचा हा परिणाम. कॅरिअरची कडी दोन इंच मागे वेल्ड करून घ्यायची. दुसरं, सगळं वजन मागे असलं की चढावर पुढचं चाक हलकं होऊन डुलतं. चिमट्यावरच्या आट्यांना लहान कॅरिअर लावून पाणी, हत्यारं आणि तांदूळ पुढे न्यायचे.

उतरताना ब्रेक उत्तम. रिम हात लावून पाहिली, तापली होती. मोठ्या उतारावर मध्ये थांबत जायचं.

वर कॉफी प्यालो. राज्यात कॉफी पिकते ती इथेच. लेक म्हणाला, "बाबा, भाड्याचं परत नाही बोलणार."

९ नोव्हेंबर

हिशेब. सायकल ९,५००. मागचं चाक भरणावळीसकट ६,८००. टायर दोन, २,९००. कॅसेट आणि चेन २,३००. तारा आणि गुटके ९००. छर्रे, ग्रीस, किरकोळ ६००. मागचं आणि पुढचं कॅरिअर मिळून १,२००. पुढचं जुन्या तुकड्यांतून केलं म्हणून त्याची मजुरी घेतली नाही. बॅगा २,६००. एकूण २६,८००. उरलेल्या ३,२०० मध्ये पंप, पाने, दोन ट्यूबा.

मूळ सायकलीच्या किमतीएवढेच जवळपास पैसे मागच्या चाकाला आणि कॅसेट-चेनला गेले नसते तर नव्या हायब्रिडची चैन परवडली असती, असं भाचजावई म्हणतात. म्हणोत.

३० नोव्हेंबर

खोक्यात भरण्याची तालीम. नागपूरच्या दुकानातून नव्या सायकलीचं रिकामं खोकं मिळालं. पायडल काढले (डावीकडचा उलट आट्यांचा, उलटा फिरवायचा), पुढचं चाक काढलं, हँडल वळवून दांड्याला बांधलं, मागचा गिअरचा डेरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेतो तो) सोडून फ्रेमच्या आत बांधला, कारण खोकं आपटलं की पहिला तोच वाकतो. चिमट्याच्या दोन टोकांमध्ये लाकडाचा ठोकळा. हवा कमी. अडत्याच्या काट्यावर खोकं १८ किलो ३०० ग्रॅम.

वर्ध्याहून हावड्याच्या गाडीनं जायचं, खोकं पार्सल ऑफिसात लगेज म्हणून बुक करून. कोलकात्याहून हनोईला थेट विमान आहे. विमानात सायकल कळवल्याशिवाय न्यायची नाही. तिकिटासोबतच नोंद करून घ्यायची.

बाकी राहिलेलं: ई-व्हिसाचा अर्ज जानेवारीत, त्यात प्रवेश हनोईच्या विमानतळावरून आणि निर्गमन सायगावच्या, दोन्ही बरोबर भरायचं. पुढच्या हबचे कोन, म्हणजे छर्रे दाबून धरणारे नट, एकदा उघडून पाहायचे. तुरीचं पीक घरात येईपर्यंत रोज सकाळी देऊरवाड्याच्या बाजूनं सामानासकट फेरी. आणि मिस्त्रींकडून पंक्चरचं सामान घ्यायचं. ते म्हणाले, पैसे नको, तिथला एक आरा आणून दाखवा.